घराला लागून उंच झाड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोठा वारा होऊन गेला की दुसऱ्या दिवशी माझ्याकडे फोटो येऊ लागतात. खिडकीतून दिसणारा बुंधा, भिंतीवरची भेग, अंगणात पडलेली फांदी. खाली बहुतेकदा एकच ओळ असते: "तोडून टाकू का?" जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत, सोपे आधी आणि अवघड नंतर. एक गोष्ट आधीच सांगतो. झाड उंच आहे, हे ते तोडायचं कारण नव्हे. कारण असलंच तर ते बहुधा जमिनीलगतच्या हातभर बुंध्यात सापडतं, आणि नेमकं तिथेच कुणी वाकून पाहिलेलं नसतं.

१. घरापासून झाड किती अंतरावर असलं म्हणजे सुरक्षित?

सगळ्यांना एक आकडा हवा असतो. तो देता येत नाही, कारण इथे अंतरं तीन आहेत. पडलं तर कुठवर पोचेल हे उंचीवर ठरतं, मुळं कुठवर त्रास देतील हे मातीवर, आणि फांद्या छपराला घासतील का हे घेरावर. १५ मीटर उंचीचं निकोप झाड घरापासून ५ मीटरवर पिढ्यान्‌पिढ्या उभं राहू शकतं. उलट मुळाशी कुजलेलं ३० मीटरचं झाड २५ मीटरवरूनही छपरावर येतं. नवीन लावत असाल तर हातातल्या रोपाकडे न पाहता त्याच जातीचं पूर्ण वाढलेलं झाड कुठेतरी जाऊन पाहा. त्याच्या फांद्यांची टोकं भिंतीपासून निदान २ मीटर लांब राहतील एवढी जागा सोडा. वड, पिंपळ, निलगिरी यांच्यासाठी याहून कितीतरी जास्त.

२. झाडाची उंची घरच्या घरी कशी मोजायची?

ऊन असताना, सपाट जागेवर. १ मीटरची काठी उभी धरा आणि तिची सावली मोजा. लगेच झाडाची सावली मोजा, बुंध्याच्या मध्यापासून शेंड्याच्या सावलीपर्यंत. काठीची सावली ८० सेंटीमीटर आणि झाडाची १२ मीटर असेल, तर १२ भागिले ०.८, म्हणजे झाड १५ मीटर उंच. डोळ्यांनी लावलेला अंदाज बहुधा चुकतो. घाबरलेल्या माणसाला झाड जास्तच उंच दिसतं.

३. जेवढं झाड वर, तेवढीच मुळं खाली, हे खरं का?

नाही. बहुतेक मोठ्या झाडांची जवळपास सगळी मुळं वरच्या ६० सेंटीमीटर मातीत असतात, कारण हवा आणि पाणी तिथेच मिळतं. सोटमूळ लहानपणी महत्त्वाचं असतं, पुढे बाजूची मुळं त्याला मागे टाकतात. पण आडवी ती खूप लांब जातात, फांद्यांच्या घेराच्या दुप्पट-तिप्पट अंतरापर्यंत सहज. ताटात पेला उभा ठेवा आणि पेला म्हणजे झाड, ताट म्हणजे मुळं असं समजा. पुढची बरीच उत्तरं या चित्रावरच उभी आहेत.

४. मुळं घराचा पाया फोडतात का?

हलक्या गोष्टी ती खरोखर उचलतात: अंगणातली फरशी, पायवाट, कमी उंचीची कुंपणभिंत. बुंधा आणि जाड मुळं वर्षागणिक जाड होत जातात आणि वर वजन नसेल तर ते ढकलून देतात. पण घराचा पाया जड असतो. मूळ त्याला येऊन थडकलं तर बहुधा वळून कडेने निघून जातं.

पायाला होणारं खरं नुकसान मुळांच्या बळाने होत नाही, ते पाण्यामुळे होतं. चिकणमाती किंवा काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते. मोठं झाड दिवसाला शेकडो लीटर पाणी ओढू शकतं. लांबलेल्या उन्हाळ्यात त्याने पायाखालची माती सुकवली की ती आकसते आणि पायाचा तेवढा कोपरा खचतो. १९७६ साली ब्रिटनमध्ये मोठा दुष्काळ पडला, तेव्हा अशा खचलेल्या घरांच्या तक्रारींचा लोंढा आला. लंडनमधल्या क्यू उद्यानाने त्या दशकात अशा नुकसानीच्या नोंदी गोळा केल्या. त्यात विलोचं झाड ४० मीटरवरून कारणीभूत ठरल्याची नोंद आहे, पण बहुतेक प्रकरणं त्याहून पुष्कळ जवळची होती.

म्हणून पहिला प्रश्न माती कोणती, हाच. रेताड, मुरमाड किंवा खडकाळ जमिनीत ही भीती जवळजवळ नसते. चिकणमाती असेल तर भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खूण करा, शेजारी तारीख लिहा आणि दर महिन्याला अंतर मोजा. कोरड्या दिवसांत रुंदावणारी आणि पावसानंतर मिटणारी भेग असेल, तर माती आकसते-फुगते आहे. वर्षभर तेवढीच राहणारी केसासारखी भेग बहुधा गिलाव्याची असते, तिच्यासाठी झाडाला दोष देऊ नका.

५. मग झाड तोडलं की भेगा थांबतील ना?

कधी थांबतात, कधी उलटंच होतं. झाड घराआधीपासून तिथे असेल, तर घर बांधलं गेलं तेच त्याने सुकवलेल्या मातीवर. झाड गेलं की ती माती हळूहळू पाणी धरते, फुगते आणि घर खालून उचललं जातं. ही फूग वर्षानुवर्षं चालू राहू शकते आणि खचण्यापेक्षा ती दुरुस्त करणं अवघड असतं. चिकणमातीवरचं घर आणि त्याच्याहून जुनं झाड अशी जोडी असेल, तर बांधकामाच्या अभियंत्याला दाखवल्याशिवाय कुऱ्हाड चालवू नका.

६. सांडपाण्याच्या पाईपमध्ये मुळं शिरली आहेत. झाडाने पाईप फोडला का?

बहुतेकदा पाईप आधीच गळत होता. सांध्यातून झिरपणाऱ्या ओलीकडे केसासारखी तंतुमुळं वळतात, आत शिरतात आणि तिथे त्यांचा झुपका होतो. धड पाईपमध्ये मूळ शिरत नाही. नुसती मुळं कापून काढली तर ती पुन्हा येतील. सांधा बदला किंवा सलग पाईप टाका.

७. झाड धोकादायक झालंय हे मला कसं कळेल?

वर पाहायच्या आधी खाली पाहा. गुडघ्यावर बसा, बुंध्याभोवतीचा पाला हाताने बाजूला करा आणि संपूर्ण फेरी मारा. जमिनीकडे उतरताना बुंधा सगळीकडून पसरट होत गेलाय का, की एका बाजूने सरळ खांबासारखा मातीत घुसलाय? घुसला असेल तर तिथलं मूळ कुजलेलं तरी असेल, किंवा भराव टाकून पुरलेलं तरी. साल दाबल्यावर मऊ लागते का? मातीत अर्धगोलाकार भेग आहे का? अळंबी आहे का (प्रश्न १०)?

मग खोड पाहा. दोन जाड खोडं इंग्रजी व्हीसारखी अरुंद बेचक्यात मिळत असतील आणि मधे साल चेपून आत गेली असेल, तर तो जोड कच्चा. यू सारखा रुंद बेचका सहसा भक्कम असतो. बेचक्याखालून उभी चीर निघालेली दिसली, तर वाट पाहू नका. शेवटी शेंडा पाहा. पालवीच्या दिवसांत एखादी फांदी उघडी राहिली असेल तर ती मेलेली आहे, आणि मेलेली फांदी कधीतरी पडतेच.

एक खूण मात्र ऐन वाऱ्यातच दिसते. पाऊस भरपूर झालाय आणि वारा सुटलाय, अशा वेळी सुरक्षित अंतरावरून, शक्यतो खिडकीतून, बुंध्याजवळच्या जमिनीकडे टक लावून पाहा. शेंडा हलणारच, त्याची काळजी नको. पण झोतासरशी माती उचलली जाते आणि परत बसते, श्वास घेतल्यासारखी, असं दिसलं तर मुळांची पकड सुटली आहे. मी हे आजवर एकदाच पाहिलं. डबक्यातलं पाणी मातीच्या भेगेत आत ओढलं जायचं आणि पुढच्या झोताला बुडबुड्यांसह बाहेर यायचं. त्या घरातल्या माणसांना मी त्याच रात्री नातेवाइकांकडे पाठवलं. झाड दोन दिवसांनी पडलं.

८. आमचं झाड घराकडे कललेलं आहे. काढावं का?

कल कधीपासूनचा आहे, यावर सगळं अवलंबून आहे. लहानपणापासून उजेडासाठी वाकलेलं झाड पुढे शेंडा पुन्हा वर वळवतं, त्यामुळे खोडाला धनुष्यासारखा बाक दिसतो. असं झाड आपल्या कलाला साजेसं लाकूड त्या त्या बाजूला वाढवत आलेलं असतं. ते वर्षानुवर्षं तसंच उभं राहतं. पण कालपर्यंत सरळ असलेलं झाड आज बुंध्यापासून शेंड्यापर्यंत सरळ रेषेतच कललं असेल, आणि कलाच्या उलट बाजूला माती उचललेली असेल, तर ते पडायला सुरुवात झालेली आहे. जुने फोटो काढून ताडून पाहा. घरातल्या कुठल्यातरी समारंभाच्या फोटोत मागे ते झाड सापडतंच.

९. खोड पोकळ आहे, ढोलीत पक्षी राहतात. म्हणजे ते मेलेलं आहे ना?

अजिबात नाही. झाडाचा जिवंत भाग सालीलगतच्या थरात असतो, मधला गाभा आधीच मेलेलं लाकूड असतं. पोकळ नळी वजनाच्या मानाने किती ताकदवान असते, ते सायकलच्या सांगाड्यावरून लक्षात येईल. हिशोबच पाहा: खोडाचा व्यास धरला १, आणि त्यातला ०.७ भाग पोकळ असला, तरी वाकण्याला होणारा विरोध सुमारे २४ टक्केच कमी होतो. जर्मन शास्त्रज्ञ क्लाउस माटेक यांनी उभ्या आणि मोडलेल्या झाडांच्या पाहणीवरून जो ढोबळ नियम मांडला तोही इथेच येतो: शाबूत लाकडाची भिंत त्रिज्येच्या ३० टक्क्यांहून पातळ झाली की सावध व्हा.

हा हिशोब बंद नळीचा आहे. ढोलीचं तोंड मोठं असेल, किंवा कूज एकाच बाजूला सरकलेली असेल, तर ताकद बरीच जास्त घटते. लाकडी हातोडीने खोडावर ठिकठिकाणी ठोका. भरीव लाकूड ठणठणीत वाजतं, पातळ भिंत ढोलासारखी. ढोलीत सिमेंट भरायचा जुना उपाय करू नका. झाड डोलतं, सिमेंट डोलत नाही, आणि घासून आतली शाबूत भिंत जखमी होते.

१०. बुंध्यापाशी दरवर्षी अळंबी उगवते. काळजी करावी का?

पाचोळ्यात, बुंध्यापासून दूर उगवणारी नाजूक छत्री बहुधा निरुपद्रवी असते. ती मेलेला पाला कुजवत असते. पण बुंध्यालाच चिकटून, फळीसारखी, लाकडाइतकी कडक अळंबी येत असेल, तर आत लाकूड किंवा मुळं कुजत आहेत. ती खरवडून काही होत नाही, कारण बाहेर दिसतं ते बुरशीचं फळ असतं, बुरशी आत असते. पानं हिरवीगार असली तरी निर्धास्त राहू नका. पाणी ओढणारी मुळं चालू असतानाच आधार देणारी मुळं कुजलेली असू शकतात. इथे झाडांच्या तज्ज्ञाला बोलवाच.

११. वादळाचा इशारा आलाय. आज रात्री काय करू?

आज रात्री छाटणी करू नका. कोयता घेऊन घाईने वर चढलेली माणसं पडतात. झाडापासून सर्वांत लांबच्या खोलीत, शक्य असेल तर तळमजल्यावर झोपा. गाडी झाडाखालून काढा. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो: ताशी ४० किलोमीटरचा वारा ८० वर गेला की दाब दुपटीऐवजी चौपट होतो. पानं आणि डहाळ्या वाऱ्यात दुमडतात, म्हणून झाड त्यातलं काही चुकवतं. पण आधी पाऊस होऊन माती भिजलेली असेल, तर मुळांची पकड ढिली झालेली असते. भिजलेली जमीन आणि त्यावर सोसाट्याचा वारा यातच झाडं उन्मळतात.

सकाळी बाहेर पडताना आधी वर पाहा. तुटून दुसऱ्या फांदीत अडकलेली फांदी जमिनीवर पडलेल्या फांदीपेक्षा वाईट. तार तुटलेली दिसली तर प्रश्न १९ वाचा.

१२. वारा नव्हता, दुपार शांत होती, तरी हिरवीगार फांदी कडाडून पडली. असं कसं?

असं होतं. कडक उन्हाच्या शांत दुपारी मोठ्या झाडांच्या लांब आडव्या फांद्या अचानक तुटल्याच्या नोंदी अनेक देशांत आहेत. कारणाबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही. घराजवळच्या, विशेषतः बसायच्या जागेवर आलेल्या, लांब आडव्या आणि टोकाला जड फांद्यांचं टोकाकडचं वजन कमी करून घ्या, एवढं मात्र करता येतं.

१३. उंचीच कमी केली तर? शेंडा कापून टाकू का?

कृपा करून कापू नका. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

शेंडा आणि मोठ्या फांद्या मधेच कापल्या की झाडाचा पानांचा कारखाना एका दिवसात नाहीसा होतो. उपाशी झाड साठवलेलं सगळं खर्चून कापलेल्या टोकांखालून डझनावारी कोंब फेकतं. हे कोंब वेगाने वाढतात आणि काही वर्षांत झाड पूर्वीच्या उंचीला परत पोचतं. फरक इतकाच की आता वरची प्रत्येक फांदी कच्ची असते. नैसर्गिक फांदी खोडाच्या आतपासून, वर्षावर्षाच्या थरांत गुंफत वाढलेली असते. कोंब फक्त बाहेरच्या थराला चिकटलेला असतो, आणि खाली कापलेलं टोक कुजत असतं.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या खिडकीसमोरच्या झाडाचा शेंडा मी स्वतः कापायला लावला होता. चौथ्या वर्षी मनगटाएवढा झालेला एक कोंब एका हाताने खाली ओढून पाहिला. तो सालीसकट सोलून हातात आला, मागे तळहाताएवढी पातळ ढलपी होती. तसे चाळीसेक कोंब घराच्या छपरावर उभे होते. आधी जे झाड धोकादायक नव्हतं, ते मी धोकादायक केलं होतं.

१४. मग छाटणी करायची तरी कशी?

मेलेल्या, एकमेकींना घासणाऱ्या, छपरावर टेकलेल्या फांद्या आधी. एका वर्षात जिवंत पालवीचा चौथा हिस्सा ही वरची मर्यादा, म्हाताऱ्या झाडाला त्याहून बरीच कमी. आतल्या बारीक फांद्या साफ करून टोकाला फक्त झुपका ठेवायची पद्धत चुकीची आहे. त्याने सगळं वजन टोकाला जातं.

काप कुठे घ्यायचा हे महत्त्वाचं. फांदी खोडाला मिळते तिथे फुगीर वळी असते. ती शाबूत ठेवून, तिच्या लगेच बाहेर कापा. खोडाला घासून कापू नका आणि खुंटीही ठेवू नका. अमेरिकेच्या वनखात्यातले ॲलेक्स शायगो यांनी हजारो खोडं उभी चिरून दाखवलं की झाड जखम आपल्या त्वचेसारखी भरत नाही. कूज पसरू नये म्हणून ते तिच्याभोवती भिंती उभारतं आणि वरून नवं लाकूड वाढवतं. त्या भिंतींपैकी महत्त्वाची एक या वळीत असते. म्हणूनच कापावर डांबर किंवा रंग फासायचीही गरज नाही.

जड फांदी तीन कापांत उतरवतात. वळीपासून फूटभर बाहेर आधी खालून अर्धवट काप, त्याच्या थोडं पुढे वरून पूर्ण काप, आणि उरलेला खुंट वळीच्या बाहेरून. पहिला काप चुकवला तर फांदी पडताना खोडाची साल सोलत नेते. जमिनीवर उभं राहून हात पोचत नाही ते काम दोर आणि पट्टा बांधून चढणाऱ्या प्रशिक्षित माणसाचं.

१५. हे सगळं नारळाला, ताडाला लागू होतं का?

जवळजवळ काहीच नाही. नारळ-ताड गवताच्या दूरच्या नात्यातले. त्यांच्या खोडात दरवर्षी नवं लाकूड वाढवणारा थर नसतो, म्हणून जखम कधीच झाकली जात नाही. चढण्यासाठी पाडलेल्या खाचा आयुष्यभर तशाच राहतात. वाढीचा कोंब शेंड्याला एकच, तो कापला की झाड मेलं. हिरव्या झावळ्या तोडू नका, वाळून लोंबणाऱ्या काढा. घराजवळ खरा धोका पडणाऱ्या नारळांचा आणि वाळक्या झावळ्यांचा असतो, झाड मोडण्याचा कमी. फळं वेळेवर उतरवून घ्या.

१६. बुंध्याभोवती काँक्रीट केलं किंवा मातीचा भराव टाकला तर चालेल का?

नाही. मुळं श्वास घेतात. वर हातभर माती चढली किंवा सिमेंट आलं की त्यांना हवा मिळत नाही. याचा परिणाम तीन-चार, कधी दहा वर्षांनी दिसतो, तोवर कारण सगळे विसरलेले असतात. बुंध्याला टेकलेली माती सालही कुजवते.

नुसती तुडवून घट्ट झालेली मातीसुद्धा झाडाला किती छळते, हे क्यू उद्यानातल्या एका ओकने दाखवलं. १७९८ साली लावलेला हा वृक्ष खंगत चालला होता. ऑक्टोबर १९८७ च्या वादळात तो मुळांच्या थाळीसकट उचलला गेला आणि परत जागेवर बसला. बाकीची पडझड आवरण्यात माळ्यांची काही वर्षं गेली. मग याच्याकडे पाहिलं तर तो पूर्वीपेक्षा टवटवीत. माणसांच्या पावलांनी दगडासारखी झालेली माती त्या धक्क्याने मोकळी झाली होती. तेव्हापासून तिथे जुन्या झाडांखालची माती मुद्दाम भुसभुशीत करतात. तुम्ही बुंध्यापासून वीतभर लांब ठेवून ५ ते १० सेंटीमीटर पालापाचोळ्याचा थर पसरा आणि त्यावरून ये-जा थांबवा.

१७. घर वाढवायचंय. झाडाजवळ किती खोदता येईल?

छातीच्या उंचीला खोडाचा घेर मोजा, ३.१४ ने भागून व्यास काढा. व्यासाच्या १२ पट त्रिज्येच्या वर्तुळात शक्यतो खोदकाम, सामानाचे ढीग, वाहनं काहीच नको. ५० सेंटीमीटर व्यासाच्या झाडाला हे ६ मीटर होतात. एका बाजूने थोडं आत यावं लागलं तर बहुतेक झाडं सोसतात. पण व्यासाच्या तिप्पट अंतराच्या आत, म्हणजे इथे दीड मीटरच्या आत, चर खणला तर झाड उभं ठेवणारी मुळंच जातात. पाईपसाठी उघडा चर टाळून मुळांच्या खालून भोक पाडून पाईप नेता येतो का, ते विचारा.

१८. उंच झाडामुळे वीज घरावर पडणार नाही, हे बरोबर का?

त्यावर विसंबू नका. ओलं लाकूड विजेला तांब्याच्या पट्टीसारखी वाट देत नाही. बुंध्यातून उतरताना जवळ भिंत, तार किंवा माणूस असेल तर वीज तिकडे उडी मारते. आतल्या पाण्याची क्षणात वाफ होऊन सालीच्या चिरफाळ्या दूरवर फेकल्या जातात. अमेरिकेतलं विजेपासून संरक्षणाचं मानक तर घरापासून सुमारे ३ मीटरच्या आतल्या किंवा घरावर फांद्या आलेल्या झाडाला स्वतंत्र वीजवाहक बसवायला सांगतं. गडगडाट चालू असताना झाडाखाली उभं राहायचं नाही, हे घरातल्या लहान मुलांनाही सांगून ठेवा.

१९. फांद्या विजेच्या तारांना लागतात. मीच छाटल्या तर?

कधीही नाही, बांबूने लांबूनसुद्धा नाही. ओली फांदी आणि ओला बांबू दोन्हीतून वीज वाहते. वीजपुरवठा करणाऱ्यांना कळवा, प्रवाह बंद करून त्यांनाच छाटू द्या. तुटून पडलेली तार चालू आहे असंच धरा आणि सगळ्यांना लांब ठेवा.

२०. रात्री झाड कार्बन डायऑक्साइड सोडतं. खिडकीजवळ झाड असलं तर झोपताना त्रास होतो का?

झाड रात्री श्वसन करतं, हे खरं. पण ते उघड्यावर असतं, तिथली हवा सतत वाहून जाते. बंद खोलीत झोपलेल्या दोन माणसांचा उच्छ्वास मात्र खोलीतच साठतो. खिडकी उघडी ठेवा, झाड असलं तरी.

२१. झाडामुळे साप, मुंग्या, वाळवी आणि ओल घरात येते का?

साप उंदरांच्या आणि अडगळीच्या मागे येतो. भिंतीलगतचे फांद्यांचे ढीग, विटांचे थर हटवा. मुंग्या, उंदीर, खारी यांना छपरावर टेकलेली फांदी म्हणजे पूल असतो, म्हणून भिंत आणि छप्पर यांपासून २ मीटर मोकळे ठेवा. वाळवीला जमिनीला टेकलेलं मेलेलं लाकूड आवडतं. पुरलेला जुना खुंट आणि भिंतीला टेकवलेला सरपण यांवर आधी नजर टाका. ओल बहुधा पाल्याने तुंबलेल्या पन्हळीतून येते. पानगळीच्या दिवसांत आणि पावसाच्या तोंडावर ती साफ करा.

२२. घरात अंधार पडतो. झाड ठेवून मिळतं तरी काय?

सावलीत राहिलेली भिंत किंवा छप्पर, भर उन्हात तापलेल्या भिंतीपेक्षा ११ ते २५ अंश सेल्सियस थंड असू शकतं. पश्चिमेकडचं झाड दुपारचं सगळ्यात त्रासाचं ऊन अंगावर घेतं. पानगळीचं असेल तर थंडीत ऊन आत सोडतं. १९८४ साली रॉजर उलरिख यांनी अमेरिकेतल्या एका रुग्णालयातल्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या २३ रुग्णांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्या २३ जणांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. अंधारासाठी सर्वांत खालच्या एक-दोन फांद्या काढून पाहा. उजेड बहुधा तिथूनच अडलेला असतो.

२३. भिंतीच्या भेगेत पिंपळाचं रोप उगवलंय. राहू द्यावं का?

नको. प्रश्न ४ मध्ये मी मुळांची बाजू घेतली, पण हा अपवाद आहे. पक्ष्यांच्या विष्ठेतून आलेलं वड-पिंपळाचं बी मातीवाचून भेगेत रुजतं आणि मूळ आतल्या आत जाड होत भिंत खरोखर उकलतं. बोटाएवढं असतानाच मुळासकट काढा, भेग सिमेंटने बुजवा. नुसतं वरून कापलं तर दरवेळी जास्त जोमाने फुटतं. जमलं तर काढलेलं रोप मोकळ्या जागी लावा, ते सहसा जगतं.

२४. फांदीवर वेगळ्याच पानांचा झुपका आलाय. हे काय?

बहुधा बांडगूळ. ते फांदीत शिरून तिचं पाणी आणि क्षार ओढतं. झुपका तोडला तर पुन्हा येतो, कारण त्याचा तळ फांदीच्या आत असतो. झुपक्याच्या हातभर अलीकडे, खोडाच्या बाजूला, फांदीच कापा. पण खोडाला किंवा जाड फांदीला धरून नुसती बसलेली ऑर्किड, नेचे यांना हात लावू नका. ती झाडाकडून फक्त आधार घेतात.

२५. झाड शेजाऱ्यांचं आहे, धोका मला आहे. काय करू?

आधी जाऊन बोला, आणि त्यांना सोबत घेऊन प्रश्न ७ प्रमाणे झाड पाहा. दोघांनी मिळून पाहिलेल्या भेगेवर भांडण कमी होतं. ऐकलं नाही तर फोटो आणि तारखेसह लेखी कळवा, कारण धोका माहीत होता की नव्हता हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरतो. हद्दीत आलेल्या फांद्या-मुळं कापण्याचे नियम जागोजागी वेगळे आहेत, ते स्थानिक कार्यालयातून माहीत करून घ्या. नियमाने परवानगी असली तरी आपल्या बाजूची मुळं कापून शेजाऱ्यांचं झाड आपल्याच घरावर पाडून घेऊ नका (प्रश्न १७).

२६. सगळं पाहिलं, झाड खरंच वाचत नाही. तोडताना काय लक्षात ठेवू?

परवानगी लागते का ते आधी पाहा. ढोलीत किंवा फांदीवर पिल्लं असतील आणि धोका आजचा नसेल, तर ती उडेपर्यंत थांबा. घराजवळचं झाड एका घावात पाडत नाहीत, वरून तुकड्या-तुकड्यांनी दोराने उतरवतात. धोका फक्त वरच्या भागाचा असेल आणि जागा परवानगी देत असेल, तर ३-४ मीटर खोड उभं ठेवायचा विचार करा. सुतार पक्षी, घुबडं, किडे यांना अशी जागा दुसरीकडे मिळत नाही. शेंडा कापण्याबद्दल प्रश्न १३ मध्ये सांगितलं ते इथे लागू नाही, कारण हे झाड आता वाढणार नाही.

२७. चार झाडांच्या ओळीतलं आजारी झाड काढलं. उरलेली तीन निरोगी आहेत, आता निश्चिंत ना?

पुढचे काही पावसाळे नाही. ही झाडं एकमेकांच्या आडोशाने वाढलेली आहेत. जे आजवर मधे होतं, त्याच्यावर आता एका बाजूने थेट वारा येणार, आणि त्या बाजूला ना त्याची मुळं तेवढी जाड आहेत ना लाकूड. वाऱ्याने हलत राहिल्यावर झाड तिथे नवं लाकूड वाढवतं, पण त्याला काही वर्षं लागतात. तोवर मोकळ्या झालेल्या बाजूच्या झाडाची पाहणी दर मोठ्या पावसानंतर करा, वरच्या लांब फांद्यांची टोकं थोडी हलकी करून घ्या आणि तोडलेल्या झाडाचा खुंट यंत्राने उपटू नका. त्याची मुळं उरलेल्यांच्या मुळांत गुंतलेली असतात. खुंट जमिनीलगत कापून जागीच कुजू द्या.